कॉम्प्युटरच पाहिजे!

गेल्या जुलैच्या शेवटच्या आठवड्यातली गोष्ट. रात्री साडेनऊला गेटवरून वॉचमनमामांचा फोन, "तुमचे पाहुणे आलेत, खाली या." खाली जाऊन बघतो तर बार्शीकडचे आमचे काका, म्हणजे मावशीचे यजमान, आणि त्यांच्यामागे माझा मावसभाऊ. एका हातात प्लॅस्टिकची फाइल (डोमिसाईल, नॉन-क्रीमीलेयर, टीसी, सगळ्याच्या तीन-तीन झेरॉक्स), दुसऱ्या हातात भाकऱ्या आणि शेंगाचटणीची पिशवी. पिशवी बघून आमची अख्खी विंग पाहुण्यांच्या स्वागताला धावून आली हे वेगळं सांगायला नको.

जेवणं झाल्यावर काकांनी विषय काढला. "पोराचा फारम भरायचाय. तू कॉम्प्युटरमधी हाईस, तुला समदं ठाव असंल. फकस्त येवढंच बघ, कॉम्प्युटरच पाहिजे."

"का हो काका?"

"आता का म्हंजे? समदे तेच घ्यायलेत."

मित्रांनो, हसू नका. २०२२ साली माझ्या ऑप्शन फॉर्ममागचं कारणही शब्दशः हेच होतं. तुमचं काय होतं ते तुम्ही मनातल्या मनात आठवा. मी आज बी.ई. कॉम्प्युटरला आहे, दोन केट्या काढून इथवर आलोय, आणि ही शाखा मी का घेतली असं कुणी ओरलला विचारलं तर मला आजही उत्तर येणार नाही. नशीब, एक्स्टर्नल तेवढं विचारत नाहीत.

तर सांगायचा मुद्दा असा, की आपल्याकडे कॉम्प्युटरला प्रवेश मिळवणं अवघड आहे असं सगळे म्हणतात, पण त्या प्रवेशासाठी लागतं काय हे कुणी नीट वाचत नाही. त्या रात्री आम्ही माहितीपुस्तिका उघडून वाचलं. पात्रता काय? बारावीला भौतिकशास्त्र आणि गणित सक्तीचं, सोबत रसायनशास्त्र किंवा ठरवून दिलेल्यांपैकी दुसरा एखादा विषय. तिन्ही मिळून ४५ टक्के, आरक्षित प्रवर्गांना ४० टक्के. आणि सीईटीत शून्यापेक्षा जास्त गुण. संपलं! कायद्याने बघितलं तर कॉम्प्युटर इंजिनिअर व्हायला एवढंच पुरतं. बाकी सगळी मारामारी नंबराची. पात्रता आणि नंबर या दोन गोष्टींमध्ये एक तिसरी गोष्ट असायला हवी, या मुलाला हा विषय झेपेल का, आवडेल का, ही. ती कुठल्याच कागदावर नाही.

काकांना पर्सेंटाइल समजावणं हा एक स्वतंत्र कार्यक्रम झाला. पोराला ९३ पर्सेंटाइल. काका म्हणाले, "त्र्याण्णव टक्के पडूनबी कॉम्प्युटर मिळंना व्हय?" मी म्हटलं, काका, हे टक्के नव्हेत. समजा चार लाख पोरं परीक्षेला बसली. त्र्याण्णव पर्सेंटाइल म्हणजे शंभरातली सात पोरं आपल्या पुढं. चार लाखांत किती झाली? काकांनी तोंडी हिशोब केला, "अठ्ठावीस हजार." मग बराच वेळ गप्प बसले. मोंढ्यावर आपल्या ट्रॅक्टरपुढं अठ्ठावीस हजार ट्रॅक्टर उभे दिसले असावेत.

आता ही सीईटी काय मोजते? फिजिक्स-केमिस्ट्रीचे शंभर प्रश्न नव्वद मिनिटांत, म्हणजे एका प्रश्नाला चोपन्न सेकंद. गणिताचे पन्नास प्रश्न नव्वद मिनिटांत, प्रत्येकी दोन मार्क, म्हणजे एकाला एकशेआठ सेकंद. अकरावीचा अभ्यासक्रम वीस टक्के, बारावीचा ऐंशी. निगेटिव्ह मार्किंग नाही, तेव्हा जे येत नाही तिथेही गोळा काळा, सॉरी, क्लिक करायचाच (२०१९ पासून पेपर कॉम्प्युटरवर असतो). चोपन्न सेकंदांत उत्तर देण्याची सवय असलेली चार लाख मुलं आपण तयार करतो. त्यातली वरची काही हजार अशा शाखेत पाठवतो, जिथे एक सेमिकोलन शोधायला आख्खी रात्र जाते.

बोर्डाच्या मार्कांचं तर बोलायलाच नको. २०१४ आणि २०१५ ही दोन वर्षं राज्याने जेईई मेन आणि बारावीचे मार्क निम्मे-निम्मे धरून प्रवेश दिले होते. २०१६ पासून पुन्हा सीईटी. त्यामुळे आता बारावी म्हणजे ४५ टक्क्यांचा उंबरठा, ओलांडला की झालं. आमच्यातल्या कितीतरी जणांनी 'इंटिग्रेटेड'च्या नावाखाली ज्युनिअर कॉलेजचं तोंड फक्त ओळखपत्र घ्यायला पाहिलंय. प्रॅक्टिकलची जर्नलं कशी पूर्ण झाली ते ज्याचं त्याला माहीत.

सगळ्यात गंमत द्विलक्षीवाल्यांची. बारावीला बायफोकल कॉम्प्युटर सायन्स घेतलेली मुलं स्टॅक, क्यू, बायनरी सर्च, सी++, अगदी ८०८५ ची इन्स्ट्रक्शन सुद्धा शिकून येतात. म्हणजे इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाची चव घेऊन येतात. चार लाख मुलांमध्ये कॉम्प्युटर हा विषय म्हणून हाताळलेली ही मुलं, आणि कॉम्प्युटरच्या प्रवेशात त्या दोनशे मार्कांना किंमत शून्य. माझ्या रूममेटने बायफोकल घेतलं होतं. का, तर बायोलॉजी टळते आणि एक भाषाही सुटते म्हणून! पण पठ्ठ्याला त्यातच गोडी लागली, आणि शेवटी नंबरामुळे मिळालं काय तर सिव्हिल. आज आमच्या मजल्यावर कुणाचाही कोड अडला की आम्ही सिव्हिलवाल्याचं दार वाजवतो. हे मी विनोदाने सांगत नाहीये.

असो. तर ऑप्शन फॉर्म.

तीनशेपर्यंत पर्याय भरता येतात. काकांनी गावातल्या एका 'करिअर मार्गदर्शका'कडून पाचशे रुपये देऊन एक छापील यादी आणली होती. त्यात पहिले नव्वद पर्याय फक्त कॉम्प्युटर आणि त्याची भावंडं. कॉम्प्युटर, आयटी, कॉम्प्युटर सायन्स अँड इंजिनिअरिंग, तेच पण कंसात डेटा सायन्स, तेच पण कंसात एआय-एमएल, मग एआय अँड डेटा सायन्स, मग कॉम्प्युटर सायन्स अँड बिझनेस सिस्टिम्स, सायबर सिक्युरिटी, आयओटी... लग्नाच्या पत्रिकेवर नातवंडांची नावं असतात तशी. २०२४-२५ पासून एआयसीटीईने चांगली कामगिरी असलेल्या कॉलेजांसाठी शाखेच्या प्रवेशक्षमतेवरची कमाल मर्यादाच काढून टाकली, तेव्हापासून ही नातवंडं आणखी वाढली. मागणी आहे म्हणून जागा, जागा आहेत म्हणून मागणी. शिकवणारे मात्र दर जूनला तेवढ्याच वेगाने जन्माला येत नाहीत. आपल्या स्टाफरूममधल्या सरांना विचारा, एका टर्ममध्ये किती वर्ग आणि किती बॅचेस चालल्यात ते.

मी काय केलं, आपल्या विद्यापीठाच्या चार शाखांचे दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाचे अभ्यासक्रम पलंगावर शेजारी-शेजारी मांडले. पोराला पेन्सिल दिली आणि म्हटलं, जे चारही ठिकाणी आहे त्यावर खूण कर. डेटा स्ट्रक्चर्स, खूण. ऑब्जेक्ट ओरिएंटेड, खूण. डीबीएमएस, ऑपरेटिंग सिस्टिम, नेटवर्क्स, डिस्क्रीट मॅथ्स, खूण, खूण, खूण. कुठे सेमिस्टर पुढे-मागे, कुठे नावात एक शब्द जास्त. पाटीवरच्या नावाचा फरक पडतो तो मुख्यतः शेवटच्या दीड-दोन वर्षांतल्या इलेक्टिव्हमध्ये. आणि तेवढ्यासाठी हल्ली ऑनर्स आणि मायनरही आहेत, अठरा-वीस क्रेडिट जास्तीचे करायची तयारी असेल तर मेकॅनिकलवालाही डेटा सायन्स शिकू शकतो. म्हणून माझं स्पष्ट मत आहे की कंसातला शब्द बघून कॉलेज निवडू नये. कंसाबाहेरचे शिक्षक, लॅब आणि लायब्ररी बघावी. जुन्या, चांगल्या कॉलेजचं आयटी हे कालच्या कॉलेजच्या एआय-एमएलपेक्षा वर लिहावं. यावर आमच्या विंगमध्ये मारामारीपर्यंत वाद झालेत आणि मी अजून माघार घेतलेली नाही.

आणखी एक गैरसमज. "एआयला गणित कमी असतं, सगळं रेडीमेड असतं." हे मला तीन वेगवेगळ्या पालकांनी सांगितलंय. अहो, २०२४ पासून गेटला डेटा सायन्स आणि एआयचा स्वतंत्र पेपर सुरू झालाय. त्याचे सात विभाग आहेत आणि त्यातले पहिले तीन कोणते? प्रोबॅबिलिटी-स्टॅटिस्टिक्स, लिनिअर अल्जिब्रा, कॅल्क्युलस-ऑप्टिमायझेशन. म्हणजे एम-वन, एम-टू आणि एम-थ्रीची भुतं तिथेही दारात उभी आहेत. मार्च २०२१ मध्ये एआयसीटीईच्या हँडबुकात चौदा विषयांची यादी आली होती, त्यातले कोणतेही तीन घेऊन इंजिनिअरिंग करता येईल म्हणून. केवढा गदारोळ झाला होता! महाराष्ट्रात कॉम्प्युटरला मात्र गणित आणि भौतिकशास्त्र आजही सक्तीचंच आहे. आणि मला विचाराल तर गणिताबाबत ते बरोबरच आहे. भांडण गणित असण्याशी नाही, ते चोपन्न आणि एकशेआठ सेकंदांत मोजण्याशी आहे.

आता मूळ गोष्टीकडे येतो. मी ठरवलं, पोराला एक चव देऊन बघायची. डिस्क्रीटच्या पहिल्या लेक्चरला मॅडमनी आम्हाला दिलेलं कोडं त्याला दिलं. बुद्धिबळाचा पट घ्यायचा, चौसष्ट घरं. समोरासमोरच्या कोपऱ्यातली दोन पांढरी घरं कापून टाकायची, राहिली बासष्ट. आता दोन घरं झाकणाऱ्या एकतीस पट्ट्या आहेत. सगळा पट झाकून दाखव, नाहीतर झाकता येणार नाही हे सिद्ध कर.

पोराने कागदाच्या पट्ट्या कापल्या, दहा मिनिटं खटपट केली आणि म्हणाला, "नाही बसत, दादा."

"का नाही बसत?"

"नाही बसत म्हणजे नाही बसत. ऑप्शन काय आहेत?"

ऑप्शन काय आहेत! दोन वर्षं कोटा पॅटर्नच्या क्लासला गेलेलं पोर आणखी काय विचारणार? मी त्याला दोष देत नाही. मग तो टेबलावरचा माझा बंद पडलेला एक्स्टेंशन बोर्ड उघडून बसला. अर्ध्या तासात तो चालू केला, वर सांगितलं की आतल्या एका टोकाला सैल जोड आहे, लोड आला की तापतो. गावाकडे विहिरीवरच्या मोटारीचा मोबाईलवरून चालणारा स्टार्टर त्यानेच बसवलाय, हे काकांनी तेव्हा सांगितलं. मला वाटलं, सापडलं! या पोराची शाखा ई अँड टीसी नाहीतर इलेक्ट्रिकल. कॉम्प्युटर नाही.

रात्री बाराला सगळे आडवे झाले. दीड वाजता मला जाग आली तर काका खाली सतरंजीवर बसलेले, मोबाईलच्या उजेडात पट समोर घेऊन. म्हणाले, "झोपला न्हाईस व्हय? ह्ये बघ. येका पट्टीखाली येक काळं आन येक पांढरं जाणार. शेजारशेजारची घरं येका रंगाची कशी असतील? आन तू तर दोन्ही पांढरीच काढलीस. काळी बत्तीस, पांढरी तीस. जन्मात बसायची न्हाईत."

मी उठून बसलो. आमच्या साठ जणांच्या वर्गात हे उत्तर त्या दिवशी दोघांना आलं होतं. मी त्या दोघांत नव्हतो. काका दहावीपर्यंत शिकलेत, पुढे शेती. त्यांचा पर्सेंटाइल काढायला कुठलंही सेंटर नव्हतं. दीड तास ते त्या पटाशी बसले होते. चोपन्न सेकंदांच्या हिशोबाने ते शंभर प्रश्न मागे पडले असते.

सकाळी चहाला मी माझं मत सांगितलं. काकांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि मग विचारलं, "नोकरी कशात लागती त्ये सांग." आणि मला मान्य करायला हवं की हा प्रश्न फालतू नाही. दोन एकर सोयाबीन आणि डोक्यावर पीककर्ज असलेल्या माणसाने पोराच्या 'आवडी'वर चार वर्षं आणि लाखो रुपये लावावेत असं सांगणारा मी कोण? आवड ही गोष्ट परवडावी लागते. मी त्यांना एवढंच म्हणालो की शाखेचा भाव चार वर्षांत फिरतो. २००१ च्या पडझडीत आयटीवाल्यांचे हाल झाले, २००८ ला पुन्हा झाले, आम्ही २०२२ ला शिरलो तेव्हा सगळीकडे भरतीचे ढोल वाजत होते आणि वर्षभरात ते थंडही झाले. आज तर कोडिंग मशीनच करतंय म्हणून आमच्याच वर्गात रात्री दोनला सुतकी चर्चा चालते. चार वर्षांनी काय असेल हे तो पाचशे रुपयेवाला मार्गदर्शक तरी कुठून सांगणार?

मग मी त्यांना दोन माणसांची उदाहरणं दिली. एक आपल्याच मातीतले, अकोला जिल्ह्यातल्या मुरंब्याचे डॉ. विजय भटकर. बी.ई. झाले नागपूरहून १९६५ साली. तेव्हा आपल्याकडे कॉम्प्युटरची पदवी नव्हतीच. आणि १९९१ ला पुण्यात सी-डॅकने परम ८००० उभा केला तो त्यांच्या नेतृत्वाखाली. दुसरा डाइक्स्ट्रा, ज्याचा शॉर्टेस्ट पाथ आपण परीक्षेच्या आदल्या रात्री घोकतो. तो शिकला भौतिकशास्त्र. १९५७ मध्ये लग्नाच्या नोंदणीत त्याने व्यवसाय 'प्रोग्रामर' लिहिला तर ॲमस्टरडॅमच्या कारकुनांनी असा व्यवसायच नसतो म्हणून नाकारला आणि 'थिऑरेटिकल फिजिसिस्ट' लिहायला लावलं. काकांना भटकरांचं पटलं. डाइक्स्ट्राचं ऐकून म्हणाले, "लगीन झालं का न्हाई मग?" झालं म्हटलं.

खरी गोष्ट अजून त्यांच्या खिशात होती. एका शहरातल्या एका संस्थेच्या कोट्यातली कॉम्प्युटरची जागा 'बघून देतो' म्हणून एक एजंट भेटला होता. फीची पावती मिळेल, वरची रक्कम बिनपावतीची. त्यासाठी रस्त्याकडेची अर्धा एकर काढायची तयारी काकांनी केली होती, मावशीला न सांगता. मित्रांनो, संस्था पातळीवरचा कोटा कायदेशीर आहे, पण त्या जागाही गुणवत्तेनेच आणि ठरलेल्या फीतच भरायच्या असतात. बिनपावतीच्या पैशाला कॅपिटेशन फी म्हणतात आणि महाराष्ट्रात १९८७ च्या कायद्याने तो गुन्हा आहे. हे मी सांगितल्यावर काका म्हणाले, "मला ठाव हाय रं. पर पोरगं मागं ऱ्हायलं तर?" यावर मला काही सुचलं नाही. रूममेट म्हणाला, "काका, अर्धा एकर देऊन मिळालेल्या सीटवर केटी लागली तर त्याला रात्री झोप येईल का?" हे मात्र लागलं.

शेवटी फॉर्म मी भरला. पोराने "दादा, तू म्हणशील तसं" म्हटलं, ते मी होकार धरलं. पहिले दोन पर्याय नामांकित कॉलेजांचं कॉम्प्युटर, जे त्र्याण्णवला मिळणार नाही हे मला ठाऊक होतं. तिसरा, शासकीय कॉलेजचं ई अँड टीसी. चौथ्यापासून पुढे आसपासच्या कॉलेजांची कॉम्प्युटर आणि एआय. काका कॉम्प्युटर बघून खूश, मी तिसऱ्यावर खूश.

२०२५ चा नवा नियम माहीत असलेल्यांच्या लक्षात आलं असेल. पहिल्या फेरीत पहिला पर्याय लागला तर तो घ्यावाच लागतो. दुसऱ्या फेरीत पहिल्या तीनपैकी काहीही लागलं की सीट आपोआप फ्रीझ. तिसऱ्या फेरीत पहिल्या सहापैकी. पहिल्या फेरीत पोराला पाचवा पर्याय लागला, एका बऱ्या कॉलेजचं एआय-डीएस. तिकडे पेढे वाटायची तयारी. मी म्हटलं थांबा, वर जाऊ शकतो. दुसऱ्या फेरीत तिसरा लागला. फ्रीझ. आता मागे जाता येत नाही, पुढेही नाही. माझ्या हाताने लिहिलेला तीन हा आकडा, आणि पोराची चार वर्षं.

त्यानंतर दोन महिने तो माझ्याशी बोलला नाही. मावशीने सांगितलं की त्याच्या क्लासमधला मित्र, त्याच्यापेक्षा कमी पर्सेंटाइलवाला, कॉम्प्युटरला गेला आणि गावात त्याचा बॅनर लागला.

आणि इथे मला माझ्याबद्दल एक गोष्ट कबूल करायची आहे. सेकंड इयरला माझी पहिली केटी कशात लागली? डिस्क्रीटमध्ये. पाठ करून गेलो होतो. त्या पटाच्या कोड्यावर माझी परीक्षा घेतली असती तर मीही पोरासारखाच "ऑप्शन काय आहेत" म्हटलं असतं. केटीच्या अभ्यासाला उन्हाळ्यात रिकाम्या हॉस्टेलमध्ये एकटा राहिलो, तेव्हा पहिल्यांदा इंडक्शन डोक्यात शिरलं, आणि मग चक्क आवडलं. म्हणजे आवड नंतरही येते. मग एका रात्रीत, एका कोड्यावरून आणि एका एक्स्टेंशन बोर्डावरून मी दुसऱ्याची शाखा ठरवली ती कुठल्या अधिकाराने? पाचशे रुपये घेणाऱ्या मार्गदर्शकात आणि माझ्यात फरक एवढाच की मी भाकरी-चटणीवर भागवलं.

पण म्हणूनच मला वाटतं की चव एका रात्रीची नको, निदान काही आठवड्यांची हवी. हे अशक्य नाही. आयआयटी मद्रासने २०२० मध्ये डेटा सायन्सचा ऑनलाइन अभ्यासक्रम जाहीर केला. त्याला जेईई लागत नाही. आधी चार आठवडे विषय शिकवतात, असाइनमेंट देतात आणि मग त्याच शिकवलेल्यावर पात्रता परीक्षा घेतात. मुलालाही कळतं की हे आपलं आहे का, आणि संस्थेलाही कळतं. आपल्याकडे सीईटीचा निकाल आणि ऑप्शन फॉर्म यांच्यात गेल्या वर्षी महिन्याहून जास्त वेळ होता. तेवढ्या काळात पोरं काय करतात? कटऑफचे व्हिडिओ बघतात.

राज्याची प्रक्रिया आपण बदलू शकत नाही. पण आपलं कॉलेज प्रवेशाचं सुविधा केंद्र आहे. जूनपासून शेकडो पालक कागद तपासायला पॅसेजमध्ये तासन्‌तास उभे असतात. प्राचार्य सरांना आणि सर्व विभागप्रमुखांना माझी विनंती आहे. तिथे दोन टेबलं आणि एक पंखा द्या. टेबलावर प्रत्येक शाखेच्या दुसऱ्या वर्षाची पुस्तकं, गेल्या वर्षीचे प्रश्नपत्रिकांचे संच आणि एखादं जर्नल ठेवा. शेजारी आम्हाला बसू द्या, आळीपाळीने, सगळ्या शाखांचे. केटीवाले सुद्धा. केटीवाले जास्त खरं सांगतील. दुपारी दोन तास एखादी लॅब उघडी ठेवा, ज्याला हात लावून बघायचंय त्याला बघू द्या. आणि पोरीबाळींच्या पालकांना कुणीतरी हेही सांगा, की गणित पक्कं असेल आणि इंजिनिअरिंगची फी झेपत नसेल तर बी.एस्सी. कॉम्प्युटर सायन्स करून दोन वर्षांचं एम.सी.ए. हाही सरळ रस्ता आहे, कमीपणाचा नाही. आठ लाखांच्या आतलं उत्पन्न असेल तर ट्यूशन फी माफीच्या पाच टक्के जागा असतात हे तर आमच्या काकांना एजंटने मुळी सांगितलंच नव्हतं. तो कशाला सांगेल?

मी जूनमध्ये पास आऊट झालेलो असेन (बॅकलॉगची कृपा असली तर). तरी पहिल्या आठवड्यात त्या टेबलावर बसायला यायची माझी तयारी आहे. मेसचं कूपन मिळालं तर उत्तम.

दिवाळीला गावी गेलो होतो. मावशीकडे फराळाला गेलो तर पोरगं आतल्या खोलीत, दार लोटलेलं. काका म्हणाले, "हाय जरा नाराज, व्हईल बरूबर." पंधरा-वीस मिनिटांनी ते बाहेर आलं. मल्टिडिसिप्लिनरी मायनर पुढच्या वर्षी निवडायचाय, त्यात कॉम्प्युटरचा एक आहे, घेऊ का, असं जमिनीकडे बघत विचारलं. मी म्हटलं, अभ्यासक्रम पाठव, वाचून सांगतो, पण ठरव तू. ते परत जायला वळलं आणि दारात थांबलं.

"दादा, त्या पटाचं उत्तर काय होतं?"

मी चकलीचा तुकडा मोडत म्हटलं, "तुझ्या बाबांना विचार."